टाकीतला फेस

"मॅडम, टाकी उतू चाललीया," फाटकातच तवनाप्पा म्हणाला. "दूध जातंय बघा, तशी."

दसऱ्याला घरी जाऊन मी तेव्हा परतत होते. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्याच्यामागून शेडकडे पळाले. सांडपाणी केंद्राच्या मागच्या अंगाला पत्र्याची ती शेड होती आणि तिच्यात माझ्या पीएच.डी.च्या प्रयोगाची टाकी. पुरुषभर उंचीची, स्टीलची, वर गोल झाकण. त्या झाकणाच्या फटीतून करडा, घाणेरडा फेस भसाभसा बाहेर येत होता. टाकीवर कुंकवानं काढलेलं स्वस्तिक आणि गळ्यात घातलेला झेंडूचा हार, दोन्ही त्या फेसात लडबडले होते. वासाचं सांगत नाही. जेवून वाचणारेही असतील.

"काय टाकलंत हिच्यात?"

"काय न्हाई वं. तुमी सांगितलंतं तसंच. वायू मारलेला गाळ घातला, वर तुमचं विरजण घातलं, झाकण लावलं."

"किती घातलात?"

"खुणेपतोर."

मी खूण पाहिली. बरोबर होती. तवनाप्पा मगदूम हा केंद्रातला पंपचालक. मला मदत करायचं काम त्याच्याकडे वरून आलं होतं आणि तो ते निगुतीनं करायचा. त्याच्या कामात खोट काढायची म्हटली तरी जागा सापडत नसे, आणि त्या दिवशी मला ती फार हवी होती.

"सोनं घ्या की मॅडम आधी," तो म्हणाला आणि खिशातून आपट्याची सुकलेली पानं काढून त्यानं माझ्या हातावर ठेवली. "तुमच्यासाठी ठिवलीती."

मी पानं घेतली, बॅगेत कोंबली आणि बादली शोधायला लागले.

गावाचं नाव सांगत नाही. नदीकाठचं, कापडाचं गाव. मागांचा खडखडाट दिवसभर चाललेला, आणि कापड धुणारे, रंगवणारे कारखाने गल्लोगल्ली. त्यांना तिथे नुसतं 'प्रोसेस' म्हणतात. या प्रोसेसमधलं धुण्याचं पाणी कधी राजरोस, कधी चोरून गावाच्या गटारात यायचं आणि तिथून आमच्या केंद्रावर. पाणी स्वच्छ होऊन नदीत जायचं, पण पाण्यातली घाण जाते कुठे? ती तळाशी बसते. तो गाळ वाळवायचा आणि ट्रॉल्या भरभरून शेतकऱ्यांना द्यायचा, अशी तिथली रीत होती. जमीन काळीभोर व्हायची, वांगी टरारायची, सगळे खूश.

त्या गाळात कापड धुण्याच्या साबणातून उतरलेलं एक रसायन मुरलेलं होतं. नोनिलफिनॉल. पाण्यात विरघळत नाही, गाळाला चिकटून बसतं, मातीत गेलं की लवकर निघत नाही. माशांच्या नरांना मादीसारखं करून टाकतं. तवनाप्पाला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लईच खट दिसतीया ही नोनीबाई." तेव्हापासून आमच्यात ती नोनीबाईच झाली.

नोनीबाई एकट्यादुकट्या उपायाला दाद देत नव्हती. नुसता ओझोन वायू सोडला तर अर्धवट तुटायची. हवाबंद टाकीत जिवाणूंच्या हवाली केली तर साबणाचे उरलेसुरले तुकडेही तिच्यातच रूपांतरित व्हायचे, म्हणजे आणखी फुगायची. म्हणून मी तीन उपाय एकामागोमाग एक लावले होते. आधी ओझोननं फोडायचं, मग हवाबंद टाकीत विरजणातल्या जिवाणूंना चारायचं, आणि शेवटी तो गाळ उसाच्या चिपाडाच्या भुश्श्यात मिसळून, ढीग घालून, उघड्या हवेत वर-खाली करत कुजवायचा.

"म्हंजे आधी बडवायचं, मग खोलीत कोंडायचं, मग बाहेर उनात हुबं करायचं," तवनाप्पानं सार काढलं होतं. "आमच्या शाळंतलं मास्तर असंच करायचं. पोरं सुधारली बघा."

माझी पोरंही सुधारत होती. आधीच्या खेपांचे आकडे सुरेख आले होते. केंद्राचे प्रमुख घोरपडे साहेब तसे व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या आधीच्या आकड्यांवर माझा विश्वास आहे, पण समितीचा नाही. एक खेप माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्या. नमुना माझ्यासमोर काढा, माझ्यासमोर सील करा. दिवाळीनंतर समिती बसते. आकडा चांगला आला तर याच धर्तीवर मोठा प्रकल्प. नाही आला तर शेड रिकामी करा, मला गाळ ठेवायला जागा नाही. चाललंय तसं चालू दे."

चाललंय तसं म्हणजे ट्रॉल्या. कच्चा गाळ, थेट वांग्यात.

ती डोळ्यांदेखतची खेप म्हणजे हीच, उतू चाललेली.

अशा टाक्यांना फेस येतो, हे मला ठाऊक होतं. आतल्या जिवाणूंना अजीर्ण झालं की येतो. म्हणून मी टाकीला उपास घातला, म्हणजे नवा गाळ घालणं थांबवलं. फेस कमी झाला, गेला नाही. ओझोन जास्त झाला असेल म्हणून यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं यंत्रावरचा झेंडूचा हार बाजूला केला, हळदकुंकू पुसलं, सगळं तपासलं आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगून गेला. माझे गाइड फोनवर म्हणाले, "बाई, थोडा धीर धर." धीर धरायला त्यांचं काय जात होतं? ते पुण्यात होते.

मग घोरपड्यांसमोर टाकीतला नमुना काढला; ढीग कुजून निघेपर्यंत समिती थांबणार नव्हती. त्यांनी नाकाला रुमाल लावून सीलवर सही केली. दिवाळीच्या तोंडावर आकडा आला.

कच्च्या गाळापेक्षा माझ्या टाकीतल्या गाळात नोनीबाई जास्त होती. थोडीथोडकी नाही, कित्येक पट.

मी प्रयोगशाळेला फोन करून भांडले. तुम्ही नमुन्यांची अदलाबदल केलीत, म्हणाले. त्यांनी शांतपणे दुसरी चाचणी केली. आकडा तोच. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की माझ्या मागे कुणीतरी टाकीत काहीतरी ओततंय. प्रोसेसवाल्यांना हा प्रकल्प नकोच असणार. शेडची किल्ली कुणाकडे असते? तवनाप्पाकडे.

"किल्ली द्या," मी त्याला म्हणाले.

"का वं?"

"आजपासून शेड मी उघडणार, मी लावणार."

त्यानं किल्ली काढून दिली. जाताना दारात वळला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या वांग्याला मी यंदा ह्यो गाळ घातला न्हाई. तुमी सांगितलं म्हणून. शेजारच्याचं वांगं बघा, केवढालं झालंय. बायको मला रोज बोलतीया. तरी न्हाई घातला. तुमास्नी काय वाटतंय, मी तुमच्या टाकीत घाण घालीन?"

"मला काहीच वाटत नाही," मी म्हणाले. "मला आकडा दिसतोय."

दिवाळीला मी घरी गेले नाही. आईला सांगितलं, काम आहे. काम काय होतं? टाकीसमोर स्टूल टाकून बसायचं आणि तिच्याकडे बघत राहायचं, एवढंच. सगळं बरोबर केलेलं असतं आणि उत्तर चुकतं, याच्यासारखा मनस्ताप नाही. निदान चूक तरी सापडावी, मग माणूस डोकं आपटून मोकळा होतो. मी कागद चाळले, नळ्या उघडून पाहिल्या, विरजणाचा पिंप हुंगला. शेवटी शेडच्या पत्र्याला एक लाथ घातली. अंगठा सुजला, बाकी काही झालं नाही.

पाडव्याच्या सकाळी तवनाप्पा आला. नवा सदरा, कपाळाला गंध. किल्लीच्या प्रसंगानंतर तो मोजकंच बोलायचा, पण सणाचं तोंड वाकडं ठेवायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं. एका हातात स्टीलचा डबा होता.

"चकली हाय. घरची. खावा आदी."

दुसऱ्या हातात पांढरा कॅन आणि काथ्याचा ब्रश होता.

"हे कशाला?"

"पाडवा न्हवं का. मशिनींची पूजा. साहेब येतील आता. म्हटलं, तुमची टाकी तेवढी चकाचक करावी. फेसानं पार वाट लागलीया तिची." तो कॅनचं झाकण फिरवायला लागला. "आता भरल्याली हाय, म्हणून बाहीरनंच धुतो."

मी चकली तोंडात घातली होती. ती चावायची राहिली.

"आता बाहेरून," मी म्हणाले. "म्हणजे आधी?"

"आधी रिकामी हुती की. तुमी गावाला जाताना रिकामी करून गेल्तासा. खंडेनवमीला आत उतरलो आणि घासून काढली. आरशागत झाली हुती. तुमी बघायला पायजे हुती."

"कशानं घासलीत?"

"ह्येनंच." त्यानं कॅन पुढे केला. "प्रोसेसमधला साबण हाय. माझा भाचा हाय तिथं कामाला. असला दुकानात मिळत न्हाई. कसला बी डाग असू दे, ऱ्हात न्हाई."

मी कॅन हातात घेतला. झाकण उघडून वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. दाट, गुळगुळीत, किंचित गोडसर वास. ज्याच्यासाठी मी त्या गावात येऊन राहिले होते, ज्याच्या पाठीमागे उन्हातान्हात, दुर्गंधीत फिरत होते, ते माझ्या मांडीवर कॅन भरून बसलं होतं. माझ्या हाताला चिकटलंसुद्धा.

"नीट पाणी मारलं होतं ना नंतर?" माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

"मारणारच हुतो. पंप लावायला गेलो, तवर साहेब आले. त्यास्नी लई घाई. हार घातलं, कुंकू लावलं, नारळ फुटला. मग कसं पाणी मारणार?"

"का? काय झालं?"

तवनाप्पानं माझ्याकडे असं पाहिलं, की ही शिकलेली बाई कुठल्या मुलखातून आली.

"पूजा झाल्यावर त्या दिवशी मशीन चालवत्यात व्हय? मोठ्या पंपांचं वेगळं, गावाचं पाणी थांबत न्हाई. पन तुमच्या बारक्या पंपाला तरी इसावा नको? त्या दिवशी त्याला हात लावायचा नसतोय. दुसऱ्या दिवशी तुमी सांगितल्यागत टाकी भरली."

म्हणजे साबण आतून सगळीकडे वाळून बसला होता, आणि त्यावर आम्ही गाळ ओतला होता. हवाबंद टाकीत तो साबण अर्धवट तुटून पुरता नोनीबाई झाला होता. माझ्याच जिवाणूंनी इमानेइतबारे तिचं पीक काढलं होतं.

मी उठले. मला हसू येत होतं की रडू, ते कळेना, म्हणून मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते.

"नुसत्या पाण्यानं धुवायला काय झालं होतं? नुसत्या पाण्यानं! कुणी सांगितलं होतं तुम्हाला साबण लावायला? साबण काढायलाच मी इथं आलेय, तवनाप्पा! याच साबणासाठी! इतके महिने काय सांगत होते मी तुम्हाला?"

"तुमी नोनीबाई सांगितलासा," तो म्हणाला. "त्यो साबण नदीत, गाळात असतोय म्हणालासा. ह्यो तर कॅनात हुता."

मी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

त्यानं ब्रश जमिनीवर ठेवला. "बाकीच्या सगळ्या मशिनी नुसत्या पाण्यानंच धुतल्या," तो म्हणाला. "साबण तुमच्या टाकीपुरताच आणलाता. गावाला गेल्तासा न्हवं, म्हटलं, परत आल्यावर बघून बरं वाटंल."

घोरपडे साहेब हार घेऊन आले तेव्हा आम्ही दोघंही टाकीच्या दोन बाजूंना उभे होतो. साहेबांनी हार घातला, हात जोडले आणि विचारलं, "काय मॅडम, पाडव्याला असं तोंड?"

मी त्यांना सगळं सांगितलं आणि समितीची बैठक पुढे ढकलायची विनंती केली. ते म्हणाले, बैठक माझ्या हातात नाही.

बैठकीत मी ते पुन्हा सांगितलं. तवनाप्पाचं नाव घेतलं नाही. "टाकी धुताना आत साबण राहिला," एवढंच म्हणाले. सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू सगळ्या टेबलाभर पसरलं.

"म्हणजे मॅडम, कॅनभर साबणानं तुमची पद्धत आजारी पडते," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "आणि गावातून तर रोज टँकरभर येतो."

"तो पाण्यात मिसळून, पातळ होऊन येतो. आणि तो आधी ओझोनमधून जातो. हा ओझोननंतर टाकीत गेला. शिवाय तिसरी पायरी अजून बाकी आहे. उघड्या हवेतली. तिथं हेही तुटेल. मला हा एक ढीग पुरा करू द्या."

"तुटेल, असं तुम्हाला वाटतं."

"हो."

"आकडा आहे?"

आकडा नव्हता. ढीग अजून घातलाच नव्हता, आकडा कुठून आणू?

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांमधून तवनाप्पा उठून उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "साहेब," तो म्हणाला, "टाकी मी धुतली. चूक माझी हाय, पद्धतीची न्हाई. त्यांची पद्धत खरी हाय."

"अरे बस, बस," अध्यक्ष हसत म्हणाले. "स्वच्छताच केलीस ना? चांगलंच केलंस. सगळ्यांनी तुझ्यासारखं घासलं तर गाव सुधारेल." पुन्हा सगळे हसले. तवनाप्पा बसला नाही. सभागृहाबाहेर गेला. तो रागावला असता, कुणी त्याला झापलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्याची चूक कुणी चूक म्हणूनसुद्धा ऐकून घेतली नाही.

शेड रिकामी करायची, असं ठरलं.

घोरपड्यांनी मला एक सवलत दिली. केंद्राच्या कडेला सिमेंटचा एक जुना ओटा पडून होता, तो वापरायला दिला. मी हट्टाला पेटले होते. तो नासलेला गाळ टाकीतून काढला, भुश्श्यात मिसळला आणि ओट्यावर ढीग घातला. ढीग वर-खाली करायचं काम तवनाप्पानं माझ्या हातून काढून घेतलं. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी तो फावडं घेऊन ओट्यावर असायचा. थंडीत ढिगातून वाफा निघायच्या. आमच्यात बोलणं फारसं नव्हतं. एकदा तो म्हणाला, "उनात हुबं केलंय आता तिला," आणि मी म्हणाले, "हो."

संक्रांतीनंतर आकडा आला. नोनीबाई जवळजवळ नाहीशी झाली होती. आधीच्या कुठल्याही खेपेत मी एवढी घाण घातली नव्हती, तरी तिन्ही उपायांनी मिळून ती खाऊन टाकली होती. माझी पद्धत कुणी ठरवून जोखली नसती इतकी कडक जोखली गेली होती, आणि ती टिकली होती.

मी कागद घेऊन धावतच घोरपड्यांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मनापासून म्हणाले, "अभिनंदन, मॅडम. खरंच. महिनाभर आधी यायला हवा होता हा. आता फाइल बंद झालीय."

"उघडता येत नाही?"

"नव्या वर्षाच्या गाळाचं वाटप मंजूर झालंय," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला होता. ट्रॉलीत कच्चा गाळ काठोकाठ भरला होता.

मी ते गाव सोडलं. माझा निबंध छापून आला, परदेशातल्या कुणीकुणी त्याचा हवालाही दिला. त्या गावात तो कुणी वाचल्याचं मला माहीत नाही. टाकी केंद्राच्या मालकीची असल्यामुळे तिथेच राहिली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला फोन आला. मग दर वर्षी येत राहिला. आता तवनाप्पा निवृत्त झालाय, तरी त्या दिवशी तो केंद्रावर जातो. तिथली पोरं त्याला जाऊ देतात. यंदाही दुपारी फोन वाजला. मागे कुणीतरी नारळ फोडत होतं.

"मॅडम, बऱ्या हायसा न्हवं?"

"बरी आहे. वांगी काय म्हणतायत?"

"बारकी हायत. शेजारच्याची थोरली हायत." तो हसला. "बायकोनं बोलायचं सोडलंय आता."

"अजून गाळ घालत नाही?"

"न्हाई की. कच्चाच हाय अजून." मग म्हणाला, "शेडचं पत्रं गेलं, मॅडम. पावसात टाकी उघडी पडली हुती. आत कोळ्यांनी घरं केलीती, गंज बी धरला हुता थोडा."

"मग आता काय करता तिचं? रिकामीच आहे ना?"

"रिकामीच हाय. पन उद्या कुणी चालू करायची म्हटली तर?" तो म्हणाला. "सकाळी उतरलो आत. धुतली. नुसत्या पाण्यानं."